पोस्टरची कॉन्सेप्ट कुठून आणायची? कासवांच्या एका असाइनमेंटवरून

“विषय मिळालाय, पण कॉन्सेप्टच सुचत नाहीये.” फाउंडेशनचं पायाभूत वर्ष संपवून उपयोजित कलेच्या वर्गात पहिल्यांदा पोस्टरची असाइनमेंट मिळाली, की हे वाक्य दर दुसऱ्या बाकावरून ऐकू येतं. मुलांचा हात चांगला असतो. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा चांगल्या ग्रेडने झालेल्या असतात, शेडिंग जमतं, सॉफ्टवेअरही थोडंफार येतं. तरी सबमिशनच्या आदल्या रात्री पिंटरेस्ट उघडलं जातं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात चार-पाच बोर्डांवर दोन हातांत धरलेली पृथ्वी दिसते.

माझं म्हणणं असं, की कॉन्सेप्ट विषयाच्या पोटातच असते. विषय कसा चालतो, कुठे अडतो, कुणामुळे बिघडतो हे नीट समजून घेतलं की चित्र त्यातूनच निघतं. विषयाबद्दल जेमतेम चार वाक्यं माहीत असतील, तर कितीही डोकं खाजवलं तरी बाहेर येतं ते आधी कुठेतरी पाहिलेलं चित्र. म्हणून इथे एकच असाइनमेंट सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवतो. विषय: कोकण किनाऱ्यावरच्या समुद्री कासवांचं संरक्षण. मराठी पोस्टर, ए-टू आकार, मुदत दोन आठवडे. त्यातला पहिला आठवडा कॉम्प्युटर उघडायचा नाही, हे आत्ताच ठरवून टाका.

ब्रीफ अपुरं असतं, ते आधी पुरं करा

“समुद्री कासवं वाचवा” हे ब्रीफ, म्हणजे कामाची सूचना, म्हणून हातात येतं, पण ते फक्त विषयाचं नाव आहे. बाहेर काम करायला लागल्यावर क्लायंटही पुष्कळदा एवढंच सांगतो. उरलेलं आपण विचारून किंवा ठरवून भरायचं असतं. वहीत तीन प्रश्न लिहा. पोस्टर कोण बघणार? ते कुठे लागणार? बघून झाल्यावर त्या माणसाने नेमकं काय करायचं?

तिसऱ्या प्रश्नाला “जागरूकता निर्माण करणे” हे उत्तर चालणार नाही. ते इतकं सैल आहे की त्याखाली कुठलंही चित्र खपतं. हाताने करता येईल अशी कृती हवी: अमुक नंबरवर कळवा, तमुक वस्तू किनाऱ्यावर टाकू नका, ही वस्तू बंद करा.

बघणाराही एकच निवडा. कासवांच्या बाबतीत तीन वेगळी माणसं समोर येतात: सुट्टीत आलेला पर्यटक, गावकरी, आणि किनाऱ्याला लागून लॉज किंवा रिसॉर्ट चालवणारा. तिघांच्या सवयी वेगळ्या, तिघांकडून होणारी गडबड वेगळी. एकाच पोस्टरमध्ये तिघांना गाठायला गेलात तर कुणालाच ते आपल्यासाठी आहे असं वाटणार नाही. आपण लॉजवाला निवडू. का, ते पुढच्या टप्प्यात कळेल. ब्रीफ आणि अभ्यास हे दोन टप्पे असे पुढे-मागे होतच राहतात; अभ्यासात काही नवं हाती लागलं तर ब्रीफ पुन्हा लिहायला अजिबात संकोच करू नका.

चित्राआधी माहिती

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. विद्यार्थी नेमका हाच टप्पा गुगल इमेजेसवर उरकतात. तिथे तुम्हाला कासवाचे फोटो मिळतील, कासवाबद्दल काही कळणार नाही.

वाचा, माहीतगार माणसांना फोन करा, जमलं तर जाऊन या. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास नावाचं गाव आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये तिथे गावकऱ्यांना सोबत घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांच्या संरक्षणाचं काम सुरू केलं. पुढे त्यातूनच कासव महोत्सव उभा राहिला आणि पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक लांबून येऊ लागले. राहायची-जेवायची सोय गावातल्या घरांतच होते. अशा ठिकाणी एक संध्याकाळ घालवलीत तर दहा लेखांत न मिळणारं काहीतरी वहीत येईल.

वाचताना सगळं उतरवून घेऊ नका. ज्या वाक्यात काहीतरी घडतंय, तेवढीच वाक्यं टिपा. माझ्या वहीत या विषयाची अशी वाक्यं असतील:

मादी रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी सुरईच्या आकाराचा खड्डा खणते, शंभरेक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. पिल्लांना ती कधीच बघत नाही. साधारण दीड-दोन महिन्यांनी अंडी फुटतात. वाळू जास्त तापलेली असेल तर माद्या जास्त जन्मतात, थंड असेल तर नर. कोल्हे, कुत्री घरटी उकरतात, पूर्वी माणसंही अंडी उकरून नेत. म्हणून संरक्षणाच्या कामात अंडी उचलून कुंपण घातलेल्या जागेत, तेवढ्याच खोलीवर, पुन्हा पुरतात. पिल्लं एकदम, झुंडीने वर येतात. वर आल्यावर ती क्षितिजाजवळच्या सगळ्यात उजळ भागाकडे धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर तो भाग समुद्राचा असतो. किनाऱ्यावर बल्ब लागलेला असेल तर पिल्लं बल्बकडे जातात.

इथे थांबा. हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. यात एक जीव आहे, त्याची एक हालचाल आहे, त्या हालचालीला फसवणारी एक वस्तू आहे, आणि ती वस्तू एका माणसाच्या हातातल्या बटणावर चालू-बंद होते. लॉजवाला निवडला तो यामुळे. आता ब्रीफमधली कृतीही ठरली: पिल्लं बाहेर येण्याच्या दिवसांत रात्री समुद्राच्या बाजूचा दिवा बंद ठेवा.

वाळूच्या तापमानाची गोष्टही मोहात पाडणारी आहे. पण वाळू किती तापावी हे लॉजवाल्याच्या हातात नाही. ती एखाद्या विज्ञानविषयक मांडणीसाठी राखून ठेवा.

अभ्यासात स्केचिंगही येतं. फोटो बघून, व्हिडिओ थांबवून, कासव वेगवेगळ्या बाजूंनी काढा. समुद्री कासवाचे पुढचे पाय लांब वल्ह्यांसारखे असतात, आणि जमिनीवरच्या कासवासारखं त्याला डोकं कवचात ओढून घेता येत नाही. वर्गात निम्म्या पोस्टरांवर तळ्यातलं, नखंवालं, मान आत घेतलेलं कासव समुद्रात पोहत असतं. विषय माहीत असलेल्या माणसाचा अशा पोस्टरवरचा विश्वास तिथेच उडतो. ए-आयने बनवलेल्या चित्रांतही ही चूक दिसते. कॉलेज ते वापरू देत असेल तरी पाय, कवच, डोकं स्वतः तपासा.

आणि ठसे काढा. ऑलिव्ह रिडले वाळूवर एकदा डावा, एकदा उजवा पाय टाकत चालतं, त्यामुळे मागे एकाआड एक खुणांचा पट्टा उमटतो. पिल्लाचा पट्टा अगदी बारीक, शिवणीच्या टाक्यांसारखा दिसतो. ही नोंद पुढे कामाला येणार आहे.

एक वाक्य लिहा

आता वहीचं पान उलटा आणि पोस्टरचं म्हणणं एका वाक्यात लिहा. हे वाक्य पोस्टरवर छापायचं नाही, ते तुमच्यासाठी आहे. त्यात कुणीतरी काहीतरी करतंय असं हवं. “कासवांचं संवर्धन आणि मानवी हस्तक्षेप” हे वाक्य काढून दाखवता येत नाही, कारण त्यात काही घडतच नाही. “पिल्लू तुमच्या बल्बला समुद्र समजतं” हे काढता येतं. वाचतानाच डोळ्यांसमोर दोन गोष्टी येतात आणि एकीच्या जागी दुसरी बसते.

हे वाक्य वर्गातल्या मित्राला वाचून दाखवा. त्याने “म्हणजे?” असं विचारलं तर वाक्य अजून झालेलं नाही.

थंबनेल: छोटी, जाड, भरपूर

थंबनेल म्हणजे पोस्टरच्या मांडणीचं छोटं, झटपट काढलेलं कच्चं चित्र. ए-टू म्हणजे ४२० × ५९४ मिलिमीटर. त्याच्या एक दशांशाने ४.२ × ५.९ सेंटिमीटरच्या चौकटी पट्टीने आखून घ्या. प्रमाण तेच ठेवा. वहीत चौकोनी डबे काढून त्यात भरलेली मांडणी नंतर उभ्या कागदावर बसत नाही. पेन्सिल बाजूला ठेवा आणि जाड मार्कर किंवा ब्रश-पेन घ्या. जाड टोकाने बारीक कलाकुसर करताच येत नाही, त्यामुळे चित्र आकारांवरच उभं राहतं. खोडरबर नको. नावडलं तर पुढची चौकट.

पहिल्या डझनभर चौकटींत सगळं ओळखीचं येईल: ओंजळीतलं कासव, डोळ्यातून अश्रू गाळणारं कासव, कवचावर पृथ्वीचा नकाशा, लाल वर्तुळात तिरकी रेघ. येऊ द्या. ती कागदावर उतरली नाहीत तर डोक्यात अडकून राहतात. मात्र त्यातलं एकही पुढे नेऊ नका, कारण त्यातल्या कासवाच्या जागी हत्ती किंवा चिमणी ठेवली तरी पोस्टर तसंच राहतं. हीच कसोटी पुढच्या प्रत्येक चौकटीला लावा: विषय बदलला तरी चित्र चालतंय का? चालत असेल तर ते या विषयाचं नाही.

मग आपलं वाक्य समोर ठेवून त्यातल्या वस्तू एकेक करून तपासा. बल्ब, वायर, होल्डर, बटण, क्षितिज, लाट, वाळू, खड्डा, ठसे. आता यांच्या जोड्या लावत जा. बल्बच्या जागी चंद्र? सुंदर दिसतं, पण चंद्र पिल्लाला फसवत नाही, त्यामुळे अर्थ उलटतो. बटणाच्या जागी कवच? दिसायला मजेशीर, पण कवच दाबल्यावर काय होतं ते कळत नाही. बल्बच्या आत समुद्र, जवळ येणारं पिल्लू? हे वाक्याच्या जवळ आहे, पण बाटलीतलं जहाज वाटण्याचा धोका आहे. ठसे आणि वायर?

ही जोडी धरून ठेवा. वाळूवरचा ठशांचा बारीक पट्टा आणि बल्बची वायर, दोन्ही वळत जाणाऱ्या लांब रेषा आहेत. किनारा वरून बघितल्यासारखा काढला तर खाली घरट्याचा खड्डा, तिथून वर समुद्राच्या दिशेने निघालेले ठसे, मध्येच ते वळतात, आणि वळता वळता त्यांची वायर होऊन ती एका बल्बमध्ये संपते. समुद्र वरच्या कडेला, रिकामा. वाक्यात जे होतं ते सगळं आलं, आणि लॉजवाल्याला आपली वायर ओळखू आली.

चित्रात कमी काय करता येईल

जोड सापडली की बहुतेकजण त्यात भर घालायला लागतात: मागे नारळाची झाडं, कोपऱ्यात होडी, वर चांदण्या. आधी उलट दिशेने जा. प्रत्येक वस्तू बोटाने झाका आणि बघा, अर्थ पडतो का. पडला नाही तर ती वस्तू काढा.

काढून टाकण्याचं आपल्याकडचं सगळ्यांनी पाहिलेलं उदाहरण स्वच्छ भारत अभियानाचं. २०१४ साली निवडलं गेलेलं ते बोधचिन्ह कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी केलं. गांधीजींचा चेहरा, काठी, चरखा, झाडू, यातलं काहीही नाही, फक्त चष्मा. एका भिंगात “स्वच्छ”, दुसऱ्यात “भारत”, आणि दोन्हींना जोडणाऱ्या दांडीला तिरंगा. चेहरा नसल्यामुळेच तो चष्मा आपल्याकडे बघतोय असं वाटतं, आणि कचरा टाकणाऱ्याला कुणीतरी बघतंय ही जाणीव देणं हेच तर त्या मोहिमेचं काम होतं. माझ्या मते विद्यार्थ्यांनी हे चिन्ह समोर ठेवून काय काय वगळलंय याची यादी करावी. तो एक उत्तम स्वाध्याय आहे.

साधेपणाचा दुसरा फायदा छपाईचा आणि रंगकामाचा. कुटुंब नियोजनाचा उलटा लाल त्रिकोण १९६०च्या दशकात आला. गावोगावच्या भिंतींवर रंगारी पट्टी आणि लाल रंग घेऊन तो काढू शकत होते, आणि वाचता न येणाऱ्यालाही तो लांबून ओळखू येत होता. स्टेट बँकेचं निळं वर्तुळ आणि त्यातली किल्लीच्या भोकासारखी खाच, हे शेखर कामत यांनी एन-आय-डीत (अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) असताना १९७१ मध्ये केलेलं चिन्हही आजवर टिकून आहे. तुमचं काम पोस्टरचं असलं, चिन्हाचं नसलं, तरी ही सवय लागू पडते: नखाएवढ्या आकारात आणि एका रंगात कळतंय का ते बघा.

आपल्या पोस्टरमध्ये पिल्लू ठेवायचं की नाही? ते काढून टाकलं आणि फक्त ठसे ठेवले तर चित्र जास्त ताणलेलं होतं, बघणारा पिल्लू मनात पुरं करतो. मला आधी हेच आवडेल. पण ज्याने कासवाचे ठसे कधी पाहिलेच नाहीत त्याला ते टायरचे किंवा शिवणीचे वाटू शकतात. म्हणून ठसे संपून वायर सुरू होते तिथे, बल्बकडे तोंड केलेलं, अगदी लहानसं एक पिल्लू ठेवायचं. एवढं पुरे.

अक्षर चित्राबरोबरच येऊ द्या

हेडलाइन शेवटी उरलेल्या जागेत कोंबली की पोस्टर तिथेच फसतं. थंबनेलच्या टप्प्यातच अक्षरांची जागा जाड पट्ट्यांनी दाखवा.

आधी हेडलाइन काय म्हणते ते बघू. चित्र सांगतंय की पिल्लू बल्बकडे चाललंय. तेच हेडलाइनने पुन्हा सांगायचं नाही. “चुकीचा उजेड, चुकीची वाट” यात चित्राचं वर्णन आहे, नवं काही नाही. चित्राने गडबड दाखवली, तर शब्दांनी कृती सांगावी: “दिवा मालवा. त्यांना समुद्र दिसू दे.” खाली लहान अक्षरांत: पिल्लं बाहेर येण्याच्या दिवसांत समुद्राकडच्या बाजूचे दिवे रात्री बंद ठेवा. बस.

आता देवनागरीने आपल्याला काय दिलंय ते बघा. शिरोरेखा. किनारा वरून पाहिला तर समुद्राची कड ही पोस्टरच्या वरच्या भागातली एक आडवी रेषा आहे. हेडलाइनची शिरोरेखा दोन्ही बाजूंना कागदाच्या कडेपर्यंत वाढवली तर तीच पाण्याची कड होते. अक्षरं वाळूवर लटकतात, आणि “दि”ची वेलांटी, “दे”ची मात्रा रेषेच्या वर, पाण्यात जातात. त्या भागाला लाटेसारखी थोडी वळणं देता येतात. हे रोमन लिपीत जमणार नाही. मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी कमल शेडगे यांनी आयुष्यभर जी अक्षरं काढली ती शोधून बघा. नाटकाचा स्वभाव ते नावाच्या अक्षरांतच आणत, शेजारी चित्राची गरज पडत नसे.

तयार फॉन्ट वापरायचा असेल तर काही गोष्टी आधीच माहीत असू द्या. मराठीतला “ल” आणि “श” हिंदी फॉन्टमधल्यापेक्षा वेगळ्या वळणाचा असतो. टिरो देवनागरीसारख्या कुटुंबात मराठीसाठी वेगळा फॉन्ट आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता, बलू, मोदक हे फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात. मोदक भारदस्त आणि गुबगुबीत आहे, या विषयाला तो शोभणार नाही. मुक्ता लहान मजकुराला चांगला. अक्षरांमधली जागा वाढवू नका, शिरोरेखा तुटते. दोन ओळींत रोमनपेक्षा जास्त अंतर ठेवा, कारण वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांत अडकतात. इलस्ट्रेटरमध्ये ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर बसत असेल तर प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली इंडिक ऑप्शन्स चालू करा.

रंग

रंगही माहितीतूनच घ्या. हा प्रसंग रात्रीचा आहे, तर कागद गडद असणार. पिवळा फक्त बल्बला द्या, दुसरीकडे कुठेही नको, म्हणजे बघणाऱ्याची नजरही पिल्लासारखीच आधी बल्बकडे जाईल. समुद्राच्या कडेला अगदी फिकट निळसर उजेड. रात्री कासवांवर लक्ष ठेवणारे लोक लाल प्रकाशाची टॉर्च वापरतात, कारण लाल उजेडाने कासवं कमी विचलित होतात. तळाचा सूचनेचा मजकूर म्हणूनच मंद लालसर ठेवता येईल. कुणी विचारलं, “लाल का?”, तर तुमच्याकडे उत्तर आहे.

दुसऱ्या माणसाला दाखवा

तीन थंबनेल निवडून ए-फोर आकारात रफ करा. ट्रेसिंग पेपरवर करा, म्हणजे मांडणी सरकवता येते. मग ती वर्गाबाहेरच्या माणसांना दाखवा: कँटीनमधल्या मावशी, घरी आजोबा, शेजारचा दुकानदार. काही समजावून न सांगता रफ समोर धरा, पाच आकडे मोजेपर्यंत ठेवा आणि काढून घ्या. मग एकच प्रश्न: “काय दिसलं?” “आवडलं का?” विचारू नका. आपली माणसं छानच म्हणतात.

उत्तर शब्दशः लिहून घ्या. “कासव बल्बकडे चाललंय” आलं तर चित्र पोचलं. “वीज वाचवा असं काहीतरी” आलं तर बल्ब फार मोठा झालाय किंवा समुद्र दिसतच नाहीये. समुद्राची कड उजळ करा, पिल्लू थोडं मोठं करा, पुन्हा दाखवा. वर्गातल्या क्रिटमध्येही, म्हणजे सगळ्यांसमोर कामावर चर्चा होते तेव्हाही, हेच धोरण ठेवा. सर किंवा मॅडम बोलत असताना खुलासे देत बसलात तर ऐकायचं राहून जातं. पोस्टर भिंतीवर लागल्यावर शेजारी उभं राहून समजावायला तुम्ही असणार नाही.

पिंटरेस्ट, बिहान्स आता उघडा, आधी नाही. आणि उघडाल तेव्हा “काय काढू” हे शोधायला नको, “कसं काढू” हे शोधायला: वाळूचा पोत, रात्रीच्या दृश्यातला उजेड, वायरच्या वळणाची जाडी.

कॉम्प्युटर आणि छपाई

दुसऱ्या आठवड्यात रफ स्कॅन करून त्यावरच काम करा, म्हणजे हाताने जमलेलं प्रमाण बिघडत नाही. ठसे एकदा काढून कॉपी-पेस्ट करू नका. प्रत्येक ठसा थोडा वेगळा असू द्या, वायर होत जाताना हळूहळू जवळ येत जाऊ द्या. हा बदल कुठे होतो हे डोळ्याला कळता कामा नये. या पोस्टरचं सगळं कसब त्या काही सेंटिमीटरमध्ये आहे, तिथे एक पूर्ण दिवस गेला तरी चालेल.

फाइल सुरुवातीपासून सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीत, ठेवा. स्क्रीनवरचा झगझगीत निळा छापून आल्यावर मळकट होतो. गडद पोस्टर स्क्रीनवर दिसतं त्याहून काळं छापलं जातं, त्यामुळे फिकट निळी कड आणि पिल्लू यांचा एक छोटा तुकडा आधी प्रिंट करून बघा. छपाईवाल्याकडे फाइल नेताना अक्षरांचे आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांचं आकारांत रूपांतर करून, न्या, नाहीतर त्याच्या मशीनवर फॉन्ट नसेल तर भलतीच अक्षरं छापली जातील. मूळ, बदल करता येणारी प्रत वेगळी ठेवा.

सबमिशनला थंबनेलची पानं, टिपलेली वाक्यं आणि लोकांची उत्तरं जोडा. कॉन्सेप्ट नोट तीन वाक्यांची पुरे: काय कळलं, त्यातून काय दाखवलं, बघणाऱ्याने काय करायचं.

याच कॉन्सेप्टमधून दुसरं पोस्टर

पुढच्या सेमिस्टरला पोस्टरवरून पूर्ण कॅम्पेनची असाइनमेंट येईल, म्हणून आत्ताच ताणून बघा. बघणारा बदला: लॉजवाल्याऐवजी रात्री किनाऱ्यावर मोबाइलचा फ्लॅश लावून पिल्लांचे फोटो काढणारा पर्यटक. तीच वाळू, तेच घरटं, तेच ठसे. पण या वेळी ते वळून चार्जिंगची केबल होतात आणि फोनमध्ये जाऊन संपतात. ग्रामपंचायतीसाठी केलं तर ठशांची वायर किनाऱ्याच्या रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावर चढते. हेडलाइनचा पहिला भाग बदलेल, “त्यांना समुद्र दिसू दे” तसंच राहील.

शेकोटीवर मात्र ही कल्पना चालत नाही. किनाऱ्यावर शेकोटी पेटवणाऱ्यांमुळेही पिल्लं भरकटू शकतात, पण शेकोटीला वायर नसते. ठशांमधून ओढूनताणून ज्वाळा काढायला गेलात तर मालिकेतलं ते एक पोस्टर बाकीच्यांपासून तुटून पडेल. ते सोडून द्या, आणि तीन पोस्टरांची मालिका तीनचीच ठेवा.